इलेक्ट्रिक स्कूटरवरून पन्हाळा आणि खिद्रापूर: घाट, चार्जिंग आणि गाइड यांचा मेळ कसा घालायचा?

रंकाळापूर्व यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. डिसेंबरात पुण्याहून चार पाहुणे कोल्हापूरला यायचे आहेत. चौघांनाही पडके दरवाजे, शिलालेख, जुनी कोठारं असल्या गोष्टींची भारी आवड. मी धरून पाचजण. बेत असा की तीन इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायच्या, सहाव्या जागेवर गाइडला बसवायचं, एक दिवस पन्हाळा आणि दुसऱ्या दिवशी खिद्रापूरचं जुनं देऊळ.

दोन गाड्या घरच्याच, प्रत्येकी २.९ युनिटची बॅटरी. तिसरी भाड्याने घ्यायची आहे. ती २ युनिटची, आणि दुकानदार म्हणतो ‘७० किलोमीटर आरामात जातीया’. दोघं बसून पन्हाळ्याचा घाट ती चढेल का? गडावर चार्जिंगचं काय करायचं? आणि गाइड मागच्या सीटवर असेल तर त्याचं बोलणं बाकीच्या दोन गाड्यांना ऐकू कसं जाणार? ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनीच लिहा, ‘जावा की, काय होत नाही’ नको.

वॅटमोजणी

घाटाला सगळे भितात, पण बॅटरी घाट खात नाही, वेग खातो. आकडे बघा.

दोन माणसं आणि गाडी मिळून २५५ किलो धरा. कोल्हापूर शहर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि पन्हाळा ९७७ मीटरवर, म्हणजे सव्वाचारशे मीटर चढायचं. एवढं वजन तेवढं वर न्यायला ०.३ युनिट लागतं. मोटर-कंट्रोलरमध्ये वाया जाणारं जमेला धरलं तर ०.३७. घाटाचा सगळा जादा खर्च एवढाच.

आता सपाटीचं. दोघं बसलेली स्कूटर ४० च्या वेगाने किलोमीटरला अंदाजे २८ वॅट-तास घेते (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). तीच ६० ने पळवली की ४६. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. टायरचं घर्षण वेगाने फारसं बदलत नाही.

पन्हाळा वीस किलोमीटर. त्यातले चौदा बऱ्यापैकी सपाट आणि सहा चढाचे धरू. ४० ने गेलात तर वर पोचेपर्यंत ०.९३ युनिट, गडावर फिरायला ०.२५, आणि परत येताना उतारावर मोटरला कामच नसल्याने ०.३९. एकूण १.५७. सपाटीवर ६० ने गेलात तर हीच बेरीज २.०७ होते. म्हणजे तुमची २ युनिटची भाड्याची गाडी ४० ने घरी पोचते आणि ६० ने शिवाजी पुलाच्या अलीकडे ढकलावी लागते. त्यातही २ युनिटमधलं हाताशी येतं ते १.८ च्या आसपास. शेवटच्या टक्क्यांत गाडी स्वतःच वेग कापते आणि जुन्या पॅकची, म्हणजे बॅटरीची, क्षमता उतरलेली असते. दुकानदाराचे ७० किलोमीटर म्हणजे एकटा माणूस, इको मोड, सपाट रस्ता.

वर जाऊन तासभर चार्जिंग मिळालं तर २ युनिटची गाडीही बिनघोर. नाही मिळालं तर त्या गाडीवर सगळ्यात हलकी दोन माणसं बसवा आणि वेग तीच गाडी ठरवेल, बाकीच्या दोन तिच्या मागे. पुढे पळून वाट बघत थांबण्यात काही अर्थ नाही.

भाड्याने घेताना लायसन्स न लागणारी २५० वॅटची गाडी मात्र चुकूनही घेऊ नका. १०० मीटरला ६ मीटर चढ धरला तर २५५ किलोला २५ च्या वेगाने चढवायला चाकापाशी १३०० वॅट लागतात. २५० वॅटमध्ये ताशी पाच किलोमीटर पडतात. चालत गेलेलं बरं. ही गाडी शहरातल्या शहरात ठीक.

जांभादगड

वर वॅटमोजणींनी बॅटरीचं सांगितलंय, मी गडावरचं सांगतो.

पन्हाळा हा वस्तीचा गड आहे. नगरपरिषद आहे, डांबरी रस्ते आहेत, त्यामुळे स्कूटर जवळजवळ प्रत्येक वास्तूपर्यंत जाते. पण वास्तूच्या आवारात गाडी घालायची नाही. हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ पासून ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या बारा किल्ल्यांच्या यादीतून जागतिक वारशातही आलंय. ‘तीन दरवाजा’ नावाच्या वास्तूच्या कमानीत स्कूटर उभी करून फोटो काढायची हौस असेल तर ती आधीच घरी ठेवून या.

गाइडला मागच्या सीटवर बसवू नका, हे माझं स्पष्ट मत. हेल्मेट घालून चालत्या गाडीवर मागच्याचं बोलणं पुढच्यालाच धड कळत नाही, बाकीच्या दोन गाड्यांची तर गोष्टच सोडा. गाइड स्वतःच्या मोटारसायकलवर पुढे, त्याच्यामागे तुमची २ युनिटची गाडी, मग बाकीच्या, आणि बोलणं फक्त थांब्यावर. गडावरच्या रस्त्याला वेग २५ च्या वर जाऊ द्यायचा नाही, हे गाइडला निघतानाच सांगा. त्याची पेट्रोलची गाडी आणि रोजचा रस्ता, तो सवयीने पुढे निघून जातो. हेल्मेटमधले इंटरकॉम असतील तर उत्तम, पण सहाजणांना ते जोडत बसण्यात सकाळ जाते.

क्रम महत्त्वाचा. बहुतेक गाइड नाक्यावरून सुरू करून जे जवळ दिसेल ते दाखवतात आणि शेवटी घाईघाईत तीन दरवाजा उरकतात. तुम्ही उलटं करा. सकाळी आठला थेट पश्चिमेच्या तीन दरवाजापाशी जा. आतल्या दरवाजावर इब्राहिम आदिलशहाच्या काळातला फारसी लेख आहे, आणि दरवाजावरच्या पट्टीवर कोरलेला गणपती नंतरचा, मराठ्यांच्या अमलातला. एकाच दरवाजावर दोन राजवटी. कोवळं ऊन तिरकं पडलं की अक्षरांचा उठाव दिसतो. दुपारी तीच भिंत सपाट वाटते.

तिथून चार पावलांवर अंधारबाव. तीन मजली बांधकाम, तळाला विहीर, मधला मजला ऐसपैस आणि तिथून तटाबाहेर निघणारा चोरदरवाजा. पायऱ्यांवर ओल असते, म्हणून चपला नकोत आणि गाडीचा हेडलाइट काढून नेता येत नाही, तेव्हा वेगळी बॅटरी, म्हणजे टॉर्च, खिशात ठेवा. तिसरा थांबा पुसाटी बुरूज. मग अंबरखाना.

अंबरखान्याला निदान पाऊण तास द्या. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, त्यातली गंगा कोठी सगळ्यात मोठी, उंची साधारण ३५ फूट, मावणारं धान्य २५ हजार खंडी सांगतात. आत उभं राहून वर बघा. छताला भोकं दिसतील. धान्य दारातून आत न्यायचे नाहीत, बाहेरच्या जिन्याने छपरावर चढवून त्या भोकांतून खाली ओतायचे. गाइडने हे दाखवलं नाही तर तुम्हीच विचारा. १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड इतके महिने कसा टिकला, याचं उत्तर तलवारीपेक्षा या भोकांत जास्त आहे.

सज्जाकोठी शेवटी ठेवा, दुपार टळल्यावर. चार दरवाजा शोधत बसू नका. तुम्ही ज्या रस्त्याने वर येता तिथेच तो होता, १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडला. फक्त गाइडला सांगा की तिथे दोन मिनिटं थांब. उरलेलं जोतं बघितल्यावर गडाचं तोंड कुठे होतं ते समजतं.

गाइड चांगला की नुसता बोलका, हे पारखायचं एकच साधन: ‘हे कुठं लिहिलंय?’ असं विचारा. जाणकार माणूस लेख दाखवतो किंवा ‘ही गावातली आख्यायिका आहे’ असं सरळ सांगतो. दुसरा आवाज वाढवतो. ओळखपत्र बघा, आणि पैसे ठरवताना तास नव्हे, ठिकाणं ठरवा. ‘तीन दरवाजा, अंधारबाव, पुसाटी, अंबरखाना आतून, वाघ दरवाजा, सज्जाकोठी’ असं नाव घेऊन. नाहीतर वाघ दरवाजा हमखास गळतो, कारण तिथे उतरून चालावं लागतं.

उद्यमनगर_फिटर

वॅटमोजणी, हिशोब बरोबर, पण युनिट शिल्लक असून गाडी घाटात बसते ती गरम झाल्यामुळे, ते राहिलं.

चाकातच मोटर असलेली गाडी असेल तर चढाला १५ च्या वेगाने रखडत नेऊ नका. कमी फेऱ्यांत जादा ताकद मागितली की करंट वाढतो, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ३० ते ३५ ने सलग चढवा. तापमान हद्दीबाहेर गेलं की कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारा भाग, स्वतःच ताकद कापतो आणि डिस्प्लेवर कासव किंवा तापमापीचं चिन्ह येतं. तेव्हा सावलीला बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पाणी ओतायचं नाही, गरम केसिंगवर गार पाणी पडलं की सील आखडतात आणि ओल आत जाते. मोटर मधे आणि पट्ट्याने चाक फिरवणाऱ्या गाडीला हा त्रास कमी.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना सहा गोष्टी बघाच. १०० टक्के दाखवत असताना दोन किलोमीटर एकदम जोरात चालवा. टक्का ९० च्या खाली कोसळला तर पॅक थकलेला आहे. मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक घासतोय का ऐका, चिकटलेला ब्रेक गुपचूप रेंज खातो. हवा थंड टायरला, दोन माणसांच्या आकड्याप्रमाणे भरा, तो स्टिकरवर लिहिलेला असतो. चाकातल्या मोटरचं मागचं चाक पंक्चरला काढणं म्हणजे वायरीसकट उठाठेव, म्हणून टायर ट्यूबलेस आहे याची खात्री आणि डिकीत प्लग-किट. चार्जर त्याच गाडीचा आहे ना, पिन बसवून बघा. आणि पाटी हिरवी, आकडे पिवळे असावेत. पांढरे असतील तर ती खाजगी गाडी आहे, अपघात झाला तर विम्याची बोंब.

मोबाइलच्या ॲपने चालू होणारी गाडी असेल तर खरी चावी किंवा फोब (रिमोटची चावी) मागून घ्या. तटाच्या कडेला नेटवर्क जातं.

रंकाळापूर्व

वा, हे पाहिजे होतं. गाइडला मागे बसवायचा विचार रद्द. म्हणजे २ युनिटच्या गाडीवर आता एकच माणूस. चार्जिंगचं मात्र कुणी बोलेना. तिन्ही गाड्या जेवणाच्या वेळी लावायच्या म्हटलं तर?

उद्यमनगर_फिटर

एकच माणूस असेल तर त्या गाडीची काळजी सोडा, सावकाश गेल्यास चार्जिंगशिवाय जाऊन येईल.

तरी लावणारच असाल तर आधी फोन करून, सॉकेट पार्किंगजवळ आहे असं जेवणाचं ठिकाण ठरवा. बॅटरी निघणारी असेल तर प्रश्न नाही, पक्की असेल तर गाडीच सॉकेटपाशी न्यावी लागते. घरचा चार्जर साधारण ७५० वॅटचा असतो. दीड तासात भिंतीतून १.१ युनिट, त्यातलं एक युनिट बॅटरीत. पन्हाळ्याच्या फेरीला तेवढं भरपूर झालं. १०० टक्क्यांची वाट बघत बसू नका, शेवटचे वीस टक्के रांगत भरतात.

तीन चार्जर एका वेळी म्हणजे २२५० वॅट, दहा ॲम्पियर. मिक्सरचा मल्टिप्लग बोर्ड त्यावर वितळतो. वेगवेगळ्या भिंतींवर लावा, किंवा २.५ चौरस मिलिमीटर तारेचं, १६ ॲम्पियर पिनचं एक्स्टेन्शन घेऊन जा आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली तार तापते. चार्जरवर लाल दिवा लागून बंद पडत असेल तर दहातल्या आठ वेळा गाडी ठीक असते, सॉकेटचं अर्थिंग नसतं. दुसरं सॉकेट शोधा, अर्थची पिन तोडून लावायचा उद्योग नको.

घाट चढून आल्या आल्या प्लग लावला तर बॅटरी गरम म्हणून चार्ज घेत नाही. पण जांभादगडांच्या क्रमाने गेलात तर जेवणाच्या वेळेपर्यंत ती आपोआप निवलेली असते. चार्जिंग लावून अंबरखान्याला चालत जायचं. गाइडचा सगळ्यात लांब थांबा आणि गाडीचं चार्जिंग एकाच वेळेला पडलं पाहिजे, बेत आखायचा तो असा. मालकाला युनिटप्रमाणे पैसे आपणहून द्या, पुढच्या माणसाला सॉकेट मिळेल.

उतरताना: रीजेन ब्रेक, म्हणजे मोटरनेच वेग धरून वीज बॅटरीत परत टाकणारा, असेल तर लावा, पण त्यातून फार काही मिळत नाही. सगळा उतार मिळून ०.१ युनिटच्या आत-बाहेर, तीन किलोमीटरची सोय. खरा फायदा ब्रेक तापत नाहीत हा. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रीजेन काम करत नाही, भरून वाहणाऱ्या घागरीत पाणी कुठं ओतणार. त्यामुळे वर ८०-८५ टक्क्यांवरच प्लग काढा. रीजेन नसलेल्या गाडीला पेट्रोलच्या गाडीसारखी इंजिनची ओढ नसते, ती मोकाट सुटते. दोन्ही ब्रेक टप्प्याटप्प्याने, सतत दाबून धरायचे नाहीत.

शिरोळकर

खिद्रापूरचा दिवस वेगळ्या जातीचा आहे. चढ नाही, पण जाऊन-येऊन १२० किलोमीटर. वॅटमोजणींच्या आकड्याने ४० च्या वेगाला एका बाजूला १.७ युनिट, ६० च्या वेगाला २.८. म्हणजे तुमच्या २.९ च्या गाड्या ६० ने पळवल्या तर खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाच्या दारात दम तोडतील. इथे मधलं चार्जिंग ऐच्छिक नाही. इचलकरंजी किंवा कुरुंदवाडला जाताना नाश्त्याला तासभर आणि येताना जेवणाला दीड-दोन तास, असे दोन थांबे धरा. येताना पश्चिमेकडे तोंड असतं, समोरचा वारा असेल तर दहा-पंधरा टक्के जास्तच जातं. खरं सांगायचं तर २ युनिटच्या गाडीला या दिवशी घरीच ठेवा आणि दोघं-तिघं एसटीने या.

डिसेंबर म्हणजे ऊसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्याला, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. अंधार पडायच्या आत हातकणंगले-इचलकरंजी पट्टा ओलांडायचा. रस्त्यावर पडलेली कांडी स्कूटरच्या बारक्या चाकाला दगडासारखी लागते. पावसाळ्यात तर हा बेतच करू नये, कृष्णा-पंचगंगेला पूर आला की शिरोळ तालुक्यातले रस्ते पाण्याखाली जातात. पन्हाळ्याच्या वाटेलाही केर्लीपाशी तीच गत.

गाइड तिथे उभा मिळेल या भरवशावर जाऊ नका, कोल्हापुरातून ठरवून न्या. बघायचं ते असं: आधी बाहेरून प्रदक्षिणा. पायथ्याला हत्तींचा थर आहे, गजपट्ट, ९२ हत्ती, सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर. बऱ्याच हत्तींच्या सोंडा आणि माणसांचे चेहरे फोडलेले आहेत. मग स्वर्गमंडप, ४८ खांब आणि मधोमध छताला तेरा फुटांचं गोल मोकळं आभाळ. वर्तुळाच्या कडेने अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांसह. एकच खांब खालून वर हात फिरवत बघा, चौकोन, अष्टकोन, गोल अशी घडण बदलत जाते. दक्षिणेच्या दारापाशी सिंघण यादवाचा शके ११३६ चा संस्कृत लेख, देवनागरी लिपीत. शिलाहारांच्या या देवळाशी यादवांचाही संबंध होता, याचा तो कागद. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, याबद्दल गाइड सतीची गोष्ट सांगेल, ऐका, छान आहे.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे दुपारी उजेडाचं वर्तुळ मधल्या गोल शिळेवर न पडता उत्तरेकडच्या खांबांवर चढतं. ते बरोबर शिळेवर पाहायचं असेल तर मे किंवा ऑगस्टचा पहिला आठवडा, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. देऊळ चालतं आहे, पूजा असते. चपला बाहेर.

पंचगंगाकाठ

मधल्या संध्याकाळी शहरातच ब्रह्मपुरी आणि टाउन हॉलचं म्युझियम करा, चार्जिंगचा प्रश्नच नाही. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर आज बघायला काही उरलं नाही, वस्ती झालीय. पण १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं, आणि सातवाहनकाळाच्या वस्तू निघाल्या. त्याच टेकाडात मिळालेली पोसायडनची काशाची मूर्ती म्युझियममध्ये आहे. छोटीशी मूर्ती, रोमन घडणीचा ग्रीक समुद्रदेव, पंचगंगेच्या काठाला. आधी म्युझियम, मग टेकाड. उलटं केलंत तर पाहुणे म्हणतील कुठं आणलंस बाबा. सुट्टीचा वार आधी बघून घ्या.

रंकाळापूर्व

ठरलं. खिद्रापूरला दोन स्कूटर आणि बाकीचे एसटीने. पन्हाळ्याला तीन, गाइड पुढे, ४० च्या वर कुणी जायचं नाही. शेवटचं एक: गडावर गाड्या लावताना काही सांभाळायचं?

जांभादगड

मेन स्टँड. साइड स्टँड मुरमात रुततो, आणि तासाभराने गाडी आडवी पडलेली असते. तीन दरवाजापाशी डांबर संपतं तिथेच लावा, पुढे चाकं घालू नका. आणि निघताना डिकी बंद झाली का बघा, चार्जर त्यातच असतो.